तारा कसा विझतो

पंचांगात अधूनमधून चंद्र-रोहिणी पिधानाची नोंद असते. ती वेळ साधून ज्यांनी दुर्बिणीला डोळा लावला असेल त्यांना तो क्षण विसरता येत नाही. चंद्राची अंधारी कड सरकत येते, रोहिणी शेवटपर्यंत आपल्या केशरी तेजाने तेवत असते आणि मग पापणी लवायच्या आत नाहीशी होते. मंदावत नाही, थरथरत नाही. आत्ता होती, आत्ता नाही. पहिल्यांदा पाहणारा माणूस दचकतोच. चंद्राला हवा नाही, याचा याहून साधा पुरावा मला ठाऊक नाही.

चंद्राच्या जागी हवेचं आवरण असलेला एखादा ग्रह असता तर ताऱ्याचा प्रकाश आधी त्याच्या उंचावरच्या विरळ हवेतून आला असता, मग थोड्या दाट हवेतून, मग आणखी दाट हवेतून. हवा दाट तितका किरण जास्त वाकतो. वरचा किरण थोडा वाकला, खालचा जास्त, की एकत्र चाललेले किरण पंख्याच्या काड्यांसारखे फाकतात आणि आपल्या वाट्याला येणारा उजेड उतरत जातो. कमी झालेल्या उजेडातला फारच थोडा हवेने गिळलेला असतो, बाकीचा इकडेतिकडे पसरलेला असतो. उजेड ओसरायला किती सेकंद लागले ते मोजलं, की त्या ग्रहाची हवा वर जाताना किती झपाट्याने विरळ होते ते कळतं. हवा गरम असेल तर ती फुगून उंच पसरलेली असते आणि तारा सावकाश मावळतो. थंड असेल, किंवा जड वायूंची असेल, तर ती ग्रहाला बिलगून बसते आणि तारा भरभर जातो. कोट्यवधी किलोमीटर दूरच्या, दुर्बिणीतूनही टिंबाएवढ्या दिसणाऱ्या गोलाचं तापमान असं एका ताऱ्याच्या मावळण्यावरून काढता येतं.

जेम्स एलियट यांनी या एका गोष्टीवर चाळीस वर्षं काढली.

त्यांचा जन्म १९४३चा, अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या कोलंबस शहरातला. एमआयटीतून १९६५ मध्ये पदवी घेऊन ते हार्वर्डला गेले आणि १९७२ मध्ये त्यांनी पीएच.डी. मिळवली. त्याच्या आदल्या वर्षी, १३ मे १९७१ रोजी, गुरू ग्रह वृश्चिकेतल्या बीटा या ताऱ्यासमोरून गेला. आपल्या अनुराधा नक्षत्रात जे तारे धरतात त्यांतला हा एक. इतका ठळक तारा गुरूसारख्या ग्रहाआड जाणं हा फार दुर्मीळ योग. तो साधण्यासाठी दक्षिण आफ्रिकेतल्या बॉयडन वेधशाळेतून तीन रंगांत, अतिशय बारीक कालमापनाने वेध घेतले गेले. त्या गटात जोसेफ व्हेवेर्का, विल्यम लिलर, कार्ल सेगन यांच्याबरोबर तरुण एलियट होते.

त्या रात्रीच्या आलेखात तारा सरळ घसरत गेलेला नव्हता. मधूनमधून उजेडाची टोकं वर उसळलेली होती. गुरूच्या हवेत कमीजास्त घनतेचे थर असतात, ते भिंगासारखे वागतात आणि क्षणभर प्रकाश एकवटून पाठवतात, त्याची ती टोकं. पण गंमत पुढे आहे. निळा प्रकाश लाल प्रकाशापेक्षा थोडा जास्त वाकतो, त्यामुळे एकच टोक निळ्या आणि लाल नोंदीत किंचित वेगवेगळ्या वेळी उमटलं होतं. तो फरक किती, हे वायू कोणता यावर ठरतं. हायड्रोजन रंगांची फारकत जास्त करतो, हेलियम कमी. एलियट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या सूक्ष्म फरकावरून गुरूच्या हवेत हायड्रोजनच्या जोडीला हेलियम किती असावा याचा अंदाज बांधला. गुरूजवळ पहिलं यान, पायोनियर १०, पोचलं ते डिसेंबर १९७३ मध्ये. हे वेध त्याच्या अडीच वर्षं आधीचे. मला हे काम एलियट यांच्या पुढच्या साऱ्या आयुष्याची नांदी वाटतं. दुसऱ्याने जिथे ताऱ्याचं लुकलुकणं म्हणून सोडून दिलं असतं, तिथे त्यांनी वायूची जात ओळखली.

पिधानाच्या वेधात एक मोठी अडचण असते. तारा इतका दूर असतो की त्याच्या उजेडात पडलेली ग्रहाची सावली जवळजवळ ग्रहाएवढीच असते, आणि ती पृथ्वीवरून सेकंदाला वीसेक किलोमीटर वेगाने सरकत जाते. ती कुठून जाईल हे आपल्या हातात नसतं. वेधशाळा डोंगरावर पक्की रोवलेली, आणि सावली हजार किलोमीटर दूर समुद्रावरून निघून गेलेली. शिवाय ढग. पिधान पुन्हा होत नाही, म्हणून त्या रात्री आभाळ भरलं की सगळं संपलं.

उपाय एकच, वेधशाळेनेच सावलीच्या वाटेवर जाऊन उभं राहायचं. नासाने सी-१४१ या लष्करी मालवाहू विमानात ९१ सेंटिमीटर व्यासाची दुर्बीण बसवली होती. विमानाच्या डाव्या कुशीला, पंखाच्या पुढे, एक झरोका होता आणि तो उघडून दुर्बीण आकाशाकडे रोखता येत असे. १२-१३ किलोमीटर उंचीवर ढग खाली राहत आणि हवेतली बाष्पाची कटकटही. ग्रहांच्या अभ्यासात आयुष्य घालवलेले आणि शनीच्या टायटन या चंद्राला वातावरण असल्याचं १९४४ मध्ये दाखवून देणारे जेरार्ड कायपर १९७३ मध्ये वारले. विमानाला त्यांचं नाव देण्यात आलं, कायपर उडती वेधशाळा.

एलियट तेव्हा कॉर्नेल विद्यापीठात होते. ८ एप्रिल १९७६ रोजी मंगळ मिथुन राशीतल्या एप्सिलॉन ताऱ्यासमोरून गेला तेव्हा त्यांचा गट या विमानातून सावलीच्या मध्यरेषेजवळ पोचला. तिथे एक विलक्षण गोष्ट नोंदली गेली. पिधानाच्या ऐन मध्यावर, तारा मंगळाच्या बरोबर पाठीमागे असताना, उजेड क्षणभर उसळला. मंगळाच्या चहूबाजूंच्या हवेने ताऱ्याचे किरण आत वळवले होते आणि ते सगळे मध्यावर एकत्र आले होते. म्हणजे पूर्ण ग्रह एका भिंगासारखा वागला होता. या मध्य-झळाळीवरून मंगळाच्या खालच्या थरांतल्या हवेबद्दल माहिती मिळाली. त्याच वर्षी २० जुलैला व्हायकिंग १ मंगळावर उतरलं.

आणि मग १९७७ साल आलं.

१० मार्च १९७७ रोजी युरेनस तूळ राशीतल्या एका अंधूक ताऱ्यासमोरून जाणार, हे ग्रीनिच वेधशाळेच्या गॉर्डन टेलर यांनी १९७३ मध्येच वर्तवलं होतं. त्या ताऱ्याला नाव नव्हतं, फक्त क्रमांक होता, एसएओ १५८६८७. युरेनसचा शोध १७८१ चा. पण दोनशे वर्षं होत आली तरी त्याच्या वातावरणाच्या वरच्या थरांचं तापमान कुणालाही नीट माहीत नव्हतं. एलियट यांना ते हवं होतं. बाकी काही नको होतं.

युरेनसची सावली पृथ्वीच्या चौपट रुंद, तरीही पृथ्वी तिच्या काठावर येत होती. दिवस जवळ आले तसे नवे मापन हाती आले आणि सावली आणखी दक्षिणेला सरकली. ऑस्ट्रेलियातल्या पर्थच्या वेधशाळेवरूनही आता ग्रह ताऱ्याला झाकेल याची खात्री राहिली नाही. उरला हिंदी महासागराचा दक्षिण टोकाचा, केर्गुलेन बेटांच्या बाजूचा भाग, जिथे पाण्याखेरीज काही नाही. विमान पर्थहून उडालं आणि रात्रीच्या अंधारात नैर्ऋत्येकडे निघालं. आत एलियट, त्यांचा विद्यार्थी एडवर्ड डनहॅम, सहकारी डग्लस मिंक आणि विमानाचा चमू. एलियट तेव्हा ३३ वर्षांचे होते.

वेळेचा अंदाजही पक्का नव्हता. म्हणून त्यांनी ठरलेल्या वेळेच्या तब्बल चाळीस मिनिटं आधी उपकरणं सुरू केली. माझ्या मते या सगळ्या गोष्टीतला सर्वांत मोलाचा निर्णय हा. चुंबकीय फीत फिरू लागली, कागदाच्या पट्टीवर लेखणी सरळ रेषा ओढू लागली. युरेनस आणि तारा यांचा मिळून येणारा उजेड, एकसारखा.

काही मिनिटांतच लेखणी खाली कोसळली आणि सातएक सेकंदांनी पुन्हा वर आली. पिधानाला अजून अर्ध्या तासाहून अधिक अवकाश होता. विमानात खळबळ उडाली. दुर्बीण हलली का? ताऱ्यावरून ढगाचा पापुद्रा गेला का? उपकरणात काही बिघाड? संभाषण टेपवर नोंदलं जात होतं आणि एलियट यांनी रिचर्ड कर यांच्यासोबत १९८४ मध्ये लिहिलेल्या ‘रिंग्ज’ या पुस्तकात ते छापलेलं आहे. वाचताना जाणवतं ते हे, की भांबावलेल्या अवस्थेतही कुणी उपकरणाला हात लावून नोंद बिघडवली नाही. पुन्हा एक घसरण झाली, ही फक्त सेकंदभराची. मग आणखी. एखादा अज्ञात उपग्रह, किंवा बारीक उपग्रहांचा थवा, असा तर्क विमानातच सुरू झाला.

यथावकाश युरेनसने तारा झाकला, सुमारे पंचवीस मिनिटांनी तो पलीकडून बाहेर आला. आवरावरीची वेळ झाली होती, पण नोंद चालूच ठेवली गेली. आणि पलीकडच्या बाजूलाही लेखणी तशीच घसरू लागली.

पृथ्वीवर इतर ठिकाणीही त्या रात्री माणसं जागी होती. पर्थहून लोवेल वेधशाळेचे रॉबर्ट मिलिस ताऱ्यावर नजर ठेवून होते. ग्रहाची सावली त्यांना चुकली, पण त्या अनपेक्षित घसरणी त्यांच्याही नोंदीत आल्या. आणि भारतात, १० मार्चची मध्यरात्र उलटल्यावर, तमिळनाडूतल्या जवादी टेकड्यांमध्ये कावलूरला जे. सी. भट्टाचार्य आणि के. कुप्पुस्वामी एक मीटर व्यासाच्या दुर्बिणीपाशी होते. ही वेधशाळा उभी करणारे वेणू बाप्पू यांना पिधानांचं महत्त्व पक्कं ठाऊक होतं. हीच दुर्बीण नवी असताना, १९७२ च्या जूनमध्ये, गुरूचा चंद्र गॅनिमीड एका ताऱ्यासमोरून गेला तेव्हा तिथून वेध घेतले गेले होते. कावलूरहून युरेनस तारा झाकणार नव्हता, ताऱ्याजवळून जाणार होता. तरी हे दोघं बसले होते, आणि त्यांच्याही आलेखात तारा काही सेकंद नाहीसा झाला. भट्टाचार्य आणि कुप्पुस्वामी यांनी ‘नेचर’मध्ये त्याची नोंद युरेनसचा नवा उपग्रह अशी केली. पुढे त्याच वेधांचा पुन्हा बारकाईने विचार करून भट्टाचार्य आणि बाप्पू यांनी त्याच वर्षी युरेनसभोवती शनीसारखी कड्यांची रचना असल्याचं मांडलं. नैनितालहूनही वेध झाले होते. युरेनसच्या कड्यांची गोष्ट सांगताना इंग्रजी पुस्तकांत ही नावं बहुधा येत नाहीत, म्हणून इथे ती मुद्दाम लिहिली.

एलियट यांच्याकडे मात्र अशी एक गोष्ट होती जी इतर कुणाकडे नव्हती. ग्रहाच्या दोन्ही बाजूंची नोंद. घरी परतल्यावर त्यांनी पट्ट्या समोर ठेवल्या. शोधाची बातमी देणाऱ्या पहिल्या परिपत्रकात ‘उपग्रहांचा पट्टा’ असेच शब्द गेले होते, कारण कडी म्हणजे शनीची रुंद, चकचकीत तबकडी, हेच सगळ्यांच्या मनात होतं. सेकंदात आरपार जाईल इतकं बारीक कडं असू शकतं असं कुणी म्हटलेलं नव्हतं. पण ग्रहाच्या अलीकडची प्रत्येक घसरण पलीकडच्या एका घसरणीशी जुळत होती. युरेनसच्या केंद्रापासूनचं अंतर दोन्हीकडे जवळजवळ सारखं. थवा असता तर असं जुळलं नसतं. ती कडी होती. पाच. मे १९७७ च्या ‘नेचर’मध्ये एलियट, डनहॅम आणि मिंक यांचा लेख आला, कड्यांना अल्फा, बीटा, गॅमा, डेल्टा, एप्सिलॉन ही ग्रीक अक्षरं मिळाली. त्यांतलं सर्वांत बाहेरचं एप्सिलॉन तेवढं रुंद, वीस ते शंभर किलोमीटरच्या दरम्यान, बाकीची काही किलोमीटरची. हायगेन्सने १६५९ मध्ये शनीच्या कड्याचं खरं रूप सांगितलं, त्यानंतर तीनशेहून अधिक वर्षांनी सूर्यमालेत दुसरा कडीवाला ग्रह सापडला. दोन वर्षांनी व्हॉयेजरने गुरूचं कडं टिपलं, आणि २४ जानेवारी १९८६ रोजी व्हॉयेजर २ युरेनसजवळून गेलं तेव्हा ही कडी छायाचित्रांत उतरली.

एलियट यांचं नाव सगळीकडे झालं ते कड्यांमुळे. ते स्वतः मात्र हवेच्या मागे गेले होते आणि हवेच्याच मागे राहिले. १९७८ मध्ये ते एमआयटीत परतले, तिथे प्राध्यापक झाले आणि संस्थेच्या वॉलेस वेधशाळेचे संचालक म्हणून अखेरपर्यंत राहिले. ज्या संस्थेत आपण पहिली पदवी घेतली तिथेच मुलांना दुर्बिणीवर बसवून वेध घ्यायला शिकवायचं, हे त्यांनी तीस वर्षांहून जास्त काळ केलं.

आता त्यांच्या नजरेसमोर प्लूटो होता. १९७६ मध्ये प्लूटोच्या पृष्ठभागावर गोठलेला मिथेन असल्याचं कळलं होतं. बर्फ आहे म्हणजे त्याची थोडी वाफ होणार, वाफ म्हणजे वातावरण, असा तर्क होता. पण तर्क आणि वेध यांत फार अंतर असतं. आपल्या आकाशात प्लूटोची तबकडी किती मोठी? साधारण ५० किलोमीटरवर धरलेल्या रुपयाच्या नाण्याएवढी. इतक्या बारीक वस्तूआड एखादा तारा येईल का, आणि आलाच तर सावली पृथ्वीवर नेमकी कुठे पडेल, हे सांगायचं म्हणजे ताऱ्याची जागा एरवीपेक्षा कितीतरी अचूक मोजावी लागते. पिधानाचं निम्मं काम हे त्या रात्रीच्या आधीच, महिनोन्‌महिने, तारकापत्रं मोजण्यात होतं. मिंक आणि आर्नल्ड क्लेमोला यांनी १९८५ मध्ये प्लूटोच्या वाटेवरच्या ताऱ्यांची यादी छापली. तिच्यातला आठवा तारा, पी८, हा १९८८ च्या जूनमध्ये प्लूटोआड जाणार होता. (त्याआधी १९८५ मध्ये इस्राएलच्या वाइझ वेधशाळेत नोआ ब्रॉश यांना एका पिधानाचा ओझरता लाभ झाला होता, पण आकाशाची स्थिती वाईट होती आणि तो वेध त्यांनी छापला दहा वर्षांनी.)

९ जून १९८८. पुन्हा तेच कायपर विमान, यावेळी दक्षिण पॅसिफिकवर. खाली ऑस्ट्रेलियात आणि न्यूझीलंडमध्येही दुर्बिणी सज्ज होत्या. विमानात एलियट यांच्यासोबत डनहॅम होते, आणि विद्यार्थ्यांत अमांडा बॉश आणि लेस्ली यंग ही नावं होती. या दोन नावांकडे वाचकांनी लक्ष ठेवावं, ती पुढे परत येतील.

एक-दोन मिनिटांचा खेळ. प्लूटोला हवा नसती तर तारा रोहिणीसारखा पटकन नाहीसा झाला असता. तसं झालं नाही. उजेड हलके हलके उतरू लागला, सेकंदामागून सेकंद, निम्म्यावर आला, आणि मग अचानक जास्त वेगाने खाली गेला. बाहेर येतानाही तोच नमुना, उलट्या क्रमाने. प्लूटोला वातावरण होतं, आणि पृथ्वीच्या हवेच्या लाखाव्या भागाच्या आसपास दाब असलेलं ते झिरझिरीत आवरण त्या आलेखात स्पष्ट दिसत होतं.

पण तो मधला बाक? निम्म्यावर आलेला उजेड एकदम का घसरला? दोन उत्तरं शक्य होती. खाली धुक्याचा थर असेल आणि तो प्रकाश अडवत असेल. किंवा खालच्या थरात तापमान उंचीबरोबर वेगाने चढत असेल, त्यामुळे किरण जास्त वाकत असतील. एका आलेखावरून दोहोंतलं एक निवडता येत नव्हतं. एलियट आणि लेस्ली यंग यांनी १९९२ मध्ये अशा आलेखांतून वातावरणाची रचना काढण्याची गणिती पद्धत सविस्तर मांडली. ती पुढच्या पिढीच्या हातात हत्यारासारखी राहिली, पण त्या बाकाचा निकाल तिनेही लागला नाही. प्रश्न सत्तावीस वर्षं तसाच राहिला.

प्लूटोची हवा ही आपल्या हवेसारखी कायमची वस्तू नाही. पुढे कळलं त्याप्रमाणे ती मुख्यतः नायट्रोजनची आहे, आणि हाच नायट्रोजन जमिनीवर बर्फ होऊन पडलेला आहे. ऊन वाढलं की बर्फाची वाफ, ऊन उतरलं की वाफेचं दहिवर. प्लूटोची सूर्याभोवतीची फेरी २४८ वर्षांची. सूर्याच्या सर्वांत जवळ तो १९८९ मध्ये आला, सुमारे ४४० कोटी किलोमीटरवर. तिथून पुढे दूर दूर. तेव्हा त्याची हवा आता गोठून खाली पडत जाणार असं बहुतेकांचं मत होतं. ती नाहीशी होण्याआधी यान पाठवा, असा घोशा शास्त्रज्ञांनी लावला त्याच्या मुळाशी ही भीती होती.

या भीतीला पहिली ठेच लागली ती प्लूटोच्या एका भावंडापाशी. नेपच्यूनचा चंद्र ट्रायटन आकाराने, बर्फाने आणि हवेने प्लूटोशी बराच मिळताजुळता. ४ नोव्हेंबर १९९७ रोजी तो एका ताऱ्यासमोरून गेला तेव्हा एलियट यांनी हबल अवकाश दुर्बिणीचे वेध वापरले. दुर्बीण स्थिर ठेवण्यासाठी तिच्यावर जे मार्गदर्शक संवेदक असतात, त्यांनाच प्रकाशमापक म्हणून कामाला लावलं. १९८९ मध्ये व्हॉयेजर २ ट्रायटनजवळून गेलं तेव्हाच्या तुलनेत हवेचा दाब वाढलेला निघाला. त्यावरून बर्फाचं तापमान सुमारे दोन अंशांनी चढलं असावं, उणे २३६ वरून उणे २३४ सेल्सिअसच्या आसपास. आपल्याला दोन अंश किरकोळ वाटतील. तिथे ते फार होतात, कारण नायट्रोजनच्या बर्फावरचा वाफेचा दाब तापमानाच्या थोड्याशा बदलाने झपाट्याने वाढतो. जून १९९८ च्या ‘नेचर’मध्ये हे आलं. ट्रायटनच्या दक्षिण गोलार्धात दीर्घ उन्हाळा चालू होता, आणि ही ऊब त्या ऋतूची.

मग २००२. त्या वर्षी प्लूटोची दोन पिधानं लाभली. ऑगस्टमधल्या पिधानासाठी हवाईच्या मौना केआ पर्वतावरच्या मोठमोठ्या दुर्बिणी एकाच वेळी प्लूटोकडे वळल्या. एलियट यांचा गट एकीकडे, फ्रान्सच्या ब्रुनो सिकार्डी यांचा गट दुसरीकडे; दोघांचे लेख २००३ मध्ये ‘नेचर’मध्ये आले आणि दोघांचं उत्तर एकच. चौदा वर्षांत प्लूटोच्या हवेचा दाब जवळजवळ दुप्पट झाला होता. सूर्यापासून दूर जात असताना! दुपारी बारानंतर ऊन उतरू लागतं, पण फरशी तीन वाजता जास्त तापलेली असते. प्लूटोवरच्या बर्फाला ऊब धरायला असाच उशीर लागतो, आणि तिथला ‘दुपारी तीन’ यायला वर्षानुवर्षं जातात. शिवाय ज्या बाजूला ऊन पडतं ती बाजूही बदलत असते. सगळ्यांनी गृहीत धरलेली गोष्ट उलटी ठरवायला एक आलेख पुरत नाही, चौदा वर्षांच्या अंतराने घेतलेले दोन लागतात. एलियट यांनी १९८८ चा वेध किती काटेकोर घेऊन ठेवला होता, त्याचं मोल तेव्हा कळलं.

या काळात त्यांनी आणखी एक काम केलं, ज्याचा गाजावाजा झाला नाही. विल्यम्स कॉलेजचे जे पासाकॉफ यांच्या गटासोबत त्यांनी पिधानांसाठी लहान, जलद कॅमेरे तयार करवले. सामानात घालून नेता येतील असे, आणि प्रत्येक चित्रावर उपग्रहांकडून आलेली अचूक वेळ उमटवणारे. त्यांच्या इंग्रजी नावाचं आद्याक्षरी रूप ‘पोएट्स’ असं होतं. सावली ज्या देशावरून जाईल तिथली दुर्बीण मागून घ्यायची, तिला हा कॅमेरा जोडायचा, वेध घ्यायचा, परतायचं. २००५ च्या जुलैमध्ये दक्षिण अमेरिकेत या पद्धतीने प्लूटोचा चंद्र कॅरन टिपला गेला. अमांडा गल्बिस यांच्या लेखात निष्कर्ष होता की कॅरनची त्रिज्या सुमारे ६०६ किलोमीटर, आणि त्याला म्हणण्यासारखी हवा नाही. तिथे तारा पटकन विझला होता. २००९ मध्ये प्लूटोच्या पलीकडच्या कायपर पट्ट्यातल्या एका छोट्या पिंडाचं पिधान हवाईहून साधलं. त्याचा व्यास ३०० किलोमीटरहूनही कमी आणि पृष्ठभाग ताज्या बर्फासारखा लख्ख निघाला. तो लेख २०१० मध्ये आला.

३ मार्च २०११ रोजी, वयाच्या ६७ व्या वर्षी, कर्करोगावरच्या उपचारांतल्या गुंतागुंतीने एलियट गेले.

साडेतीन महिन्यांनी, २३ जून २०११ रोजी, प्लूटोची सावली पॅसिफिकवरून जाणार होती. कायपर विमान १९९५ मध्येच निवृत्त झालं होतं. त्याच्या जागी आता सोफिया होतं, बोइंग ७४७ च्या पोटात अडीच मीटरची दुर्बीण. पिधानासाठीचं त्यातलं उपकरण बनवलं होतं डनहॅम यांनी, १९७७ च्या रात्री हिंदी महासागरावर लेखणी कोसळताना पाहणाऱ्या त्या विद्यार्थ्याने. सोफियाने टिपलेलं हे पहिलं पिधान.

जून २०१५ च्या अखेरीला न्यूझीलंडजवळ सोफियाला पुन्हा संधी आली. प्लूटोकडे निघालेलं न्यू होरायझन्स यान त्याच्यापासून दोन आठवड्यांच्या अंतरावर होतं, म्हणजे पृथ्वीवरचा वेध आणि यानाचा वेध एकमेकांशी ताडून पाहता येणार होता. एमआयटीच्या मायकल पर्सन यांना सावलीच्या ऐन मध्यात जायचं होतं, मध्य-झळाळी हवी होती, तीच जी १९७६ मध्ये मंगळाच्या वेळी सापडली होती. त्या झळाळीची पट्टी अगदी अरुंद असते. अमांडा बॉश आणि सहकारी शेवटपर्यंत ताऱ्याची आणि प्लूटोची जागा मोजत राहिले. उड्डाणाला थोडाच वेळ उरला असताना त्यांचा निरोप आला, की मध्यरेषा तीनशेहून अधिक किलोमीटर उत्तरेला आहे. वैमानिकांनी मार्ग बदलला. त्या काळोखात, प्लूटोच्या सावलीच्या बरोबर मध्यावर, आलेखात उजेडाचं एक छोटं टेकाड उमटलं.

१४ जुलै २०१५ रोजी न्यू होरायझन्स प्लूटोच्या साडेबारा हजार किलोमीटर जवळून गेलं आणि पुढे सरळ प्लूटोच्या सावलीत शिरलं. यानाच्या शास्त्रज्ञांत लेस्ली यंग होत्या, कॅथी ओल्किन होत्या. दोघीही एलियट यांच्या हाताखाली शिकलेल्या. तिथे प्लूटोआड जाणारा तारा होता आपला सूर्य, आणि तोही हलके हलके मावळला. धुकं होतं, दोनशे किलोमीटरहून उंच चढलेलं, एकावर एक असे कितीतरी थर. पण ते फार विरळ होतं. १९८८ च्या आलेखातल्या त्या बाकाची मोठी जबाबदारी जमिनीलगत झपाट्याने चढणाऱ्या तापमानाकडे जात होती. सावलीत गेल्यावर यानाने मागे वळून चित्र घेतलं. त्यात प्लूटो काळा आहे, आणि त्याच्या कडेभोवती सूर्याच्या उजेडात पेटलेलं हवेचं निळं कडं आहे.

सप्टेंबर २०१७ मध्ये आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघटनेने प्लूटोवरच्या पहिल्या चौदा ठिकाणांची नावं मंजूर केली. त्या यादीत तेन्झिंग आणि हिलरी यांच्या नावांचे पर्वत आहेत, आणि एक विवर आहे एलियट या नावाचं.